पटावरचे सैन्य आणि मातीचा किल्ला

युद्धखेळ, म्हणजे पायदळ, घोडदळ आणि तोफा यांच्या बोटभर उंचीच्या प्रतिकृती टेबलावर मांडून, ठरलेल्या नियमांनी दोन बाजूंनी लढवायचा खेळ, हा सामान्यतः युरोपाचा, त्यातही प्रशिया आणि इंग्लंड या देशांचा वारसा समजला जातो. खेळाच्या आजच्या रूपापुरता हा समज बरोबर आहे. मात्र लढाई पटावर आणण्याची मूळ कल्पना हिंदुस्थानातली असून तिच्या प्रवासातला एक महत्त्वाचा मुक्काम सोलापूरच्या परिसरात सापडतो. या मुलखाला बलाढ्य सैन्याशी कमी बळाने झुंजण्याचा अनुभव पिढ्यानपिढ्या होता. तरीही त्या अनुभवातला भूगोल, म्हणजे डोंगर, नदी, खंदक आणि रसद, इथल्या पटावर कधी उतरला नाही. पटाने दुबळ्या बाजूला आधार दिला तो नियमांतून, आणि भूगोल राहिला दिवाळीत मुले करतात त्या मातीच्या किल्ल्यात. प्रशियात एकोणिसाव्या शतकात जे दोन धागे एकत्र विणले गेले, ते महाराष्ट्रात वेगवेगळे का राहिले आणि त्यातून देशी बुद्धिबळाला कोणते वैशिष्ट्य लाभले, हा या लेखाचा विषय आहे.

हत्ती, घोडे, रथ आणि पायदळ ही सैन्याची चार अंगे, आणि त्यांवरूनच या खेळाला चतुरंग हे नाव मिळाले. सातव्या शतकात बाणभट्टाने 'हर्षचरिता'त हर्षाच्या राज्यातील शांततेचे वर्णन करताना तिथे चतुरंगाची रचना केवळ अष्टापदावर, म्हणजे आठ-आठ घरांच्या पटावर, शिकवली जाते असा श्लेष केला आहे, आणि त्यावरून खेळ तोवर वाचकांच्या परिचयाचा झाला असावा असे अभ्यासक मानतात. १०३० च्या सुमारास अल्बेरुनीने उत्तर हिंदुस्थानात चार खेळाडूंनी फासे टाकून खेळायचा प्रकार पाहून त्याची नोंद केली. दख्खनमधली महत्त्वाची नोंद त्यानंतर सुमारे शंभर वर्षांनी येते. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील तिसऱ्या सोमेश्वराच्या 'मानसोल्लास' या संस्कृत ग्रंथाचे पाच भाग असून प्रत्येकात वीस अध्याय आहेत. ११३० च्या सुमारास रचलेल्या या ग्रंथाच्या क्रीडाविषयक पाचव्या भागात चतुरंगाचे वर्णन येते. कल्याणी म्हणजे आजचे बसवकल्याण, सोलापूरच्या पूर्वेला शंभर-सव्वाशे किलोमीटरवर; आणि भीमा-सीना संगमावरील हत्तरसंग कुडल येथील शके ९४० चा, म्हणजे १०१८ चा, मराठी ओळ असलेला शिलालेख याच घराण्याच्या राजवटीतला. मराठीचे सर्वांत जुने कोरीव पुरावे ज्या प्रदेशात मिळतात, त्याच प्रदेशावर राज्य करणाऱ्या दरबारात पटावरच्या सैन्याचे वर्णन लेखनबद्ध होत होते, एवढे यावरून निश्चित म्हणता येते.

जुन्या चतुरंगाच्या काही प्रकारांत फाशाला स्थान होते, म्हणजे कोणते मोहरे हलवायचे ते काही अंशी नशिबावर सोपवलेले असे. दोन खेळाडूंच्या खेळातून पुढे फासा गेला आणि बुद्धिबळ हे मराठी नाव सार्थ ठरावे असा, सर्व काही उघड्यावर मांडलेला आणि दैवाला वाव नसलेला खेळ उरला. मूळच्या पैठणच्या आणि पुढे काशीत स्थायिक झालेल्या भट्ट घराण्यातील नीलकंठ भट्टांनी सतराव्या शतकात 'भगवंतभास्कर' हा धर्मशास्त्रावरील मोठा ग्रंथ लिहिला, आणि त्यातील 'नीतिमयूख' या राजनीतीविषयक भागात बुद्धिबळाचे नियम दिले. राजाच्या कर्तव्यांची चर्चा करणाऱ्या ग्रंथात या खेळाला जागा मिळाली, हे त्याच्याकडे पाहण्याच्या तत्कालीन दृष्टीचे द्योतक आहे. मराठी मुलखात रूढ झालेल्या मांडणीत कोपऱ्यात हत्ती, त्याच्याशेजारी घोडा, मग उंट आणि मध्ये राजा व वजीर असा क्रम असतो. हत्ती सरळ रेषेत आणि उंट तिरका चालतो, तर घोडा अडीच घरे उडी घेतो. बंगालमध्ये हत्तीच्या जागी नौका असते, आणि तिरके चालणाऱ्या मोहऱ्याला तिथे गज म्हणतात. यावरून प्रत्येक प्रांताने पटावरचे सैन्य आपापल्या परिचयाच्या वाहनांनी भरले, असे दिसते.

जुना देशी पट काळ्या-पांढऱ्या घरांचा नसे. तो बहुधा कापडाचा, एकाच रंगाच्या चौसष्ट घरांचा असून काही ठरावीक घरांवर फुल्या काढलेल्या असत. चालींमध्ये त्या फुल्यांना काहीच अर्थ नव्हता. पटाच्या एखाद्या जुन्या उपयोगाची ती खूण असावी असे मानले जाते. या पटावर खेळाची गती संथ होती. प्यादे पहिल्याच चालीत दोन घरे पुढे जाऊ शकत नसे, त्यामुळे दोन्ही सैन्ये एकमेकांना भिडण्यापूर्वी आपापल्या बाजूला बरीच रचना करून घेत. किल्लेकोट, म्हणजे राजा आणि हत्ती यांची एकाच चालीत होणारी अदलाबदल, देशी खेळात नव्हती; तिच्याऐवजी अनेक ठिकाणी राजाला, शह बसण्यापूर्वी, डावात एकदाच घोड्याची चाल खेळता येत असे. दोन्ही राजे समोरासमोर नसत, प्रत्येक राजासमोर प्रतिपक्षाचा वजीर असे. प्यादे शेवटच्या रांगेत पोहोचले की ज्या मोहऱ्याच्या घरात ते पोहोचले तेच मोहरे त्याला होता येई, राजाच्या घरात पोहोचले तर वजीर होता येई, आणि अनेकांच्या रिवाजाप्रमाणे ते मोहरे आधी मारले गेलेले असेल तरच ही बढती मिळे. हे नियम गावोगाव थोडेफार बदलत, म्हणून परगावच्या खेळाडूशी बसण्यापूर्वी ते ठरवून घ्यावे लागत.

या सर्व नियमांत युद्धखेळाच्या इतिहासाच्या दृष्टीने दोन नियम सर्वाधिक महत्त्वाचे आहेत. पहिला बुर्जाचा. एका बाजूची सगळी मोहरी मारली जाऊन राजा एकटा उरला की त्या स्थितीला बुर्ज म्हणत, आणि असा डाव जिंकलेला न धरता बरोबरीचा, फार तर अर्ध्या मोलाचा, समजला जाई. दुसरा नियम प्यादेमातीचा. प्याद्याने शह देऊन केलेली मात सर्वांत प्रतिष्ठेची मानली जाई. या दोन नियमांचा एकत्रित परिणाम डावाच्या अखेरीस स्पष्ट होतो. समजा, एका बाजूकडे वजीर, हत्ती आणि दोन प्यादी आहेत आणि दुसऱ्या बाजूकडे राजाखेरीज फक्त एक घोडा आहे. आजच्या आंतरराष्ट्रीय नियमांनी बलाढ्य बाजू आधी तो घोडा टिपेल आणि मग सावकाश मात करील. देशी नियमांनी घोडा मारताच बुर्ज होतो आणि हातचा डाव निसटतो. म्हणून त्या घोड्याला जिवंत ठेवावे लागते, त्याच्या अडीच घरांच्या उड्या आणि मध्येच बसणारे शह सोसावे लागतात, आणि त्यातूनच राजाला कोंडीत पकडावे लागते. घोडा जर चुकून अशा घरात आला की त्याला मारल्यावाचून गत्यंतर नाही, तर दोष बलाढ्य बाजूच्या नियोजनाचा. प्यादेमात साधायची असेल तर वजीर आणि हत्ती यांनी राजाच्या वाटा अडवायच्या आणि अखेरचे पाऊल सैन्यातल्या सर्वांत कनिष्ठ शिपायाने टाकायचे, अशी रचना कित्येक चाली आधी करावी लागे. बळ अधिक आहे एवढ्याने विजय पूर्ण होत नाही, आणि प्रतिपक्षाला निःशेष करणे हा विजय नव्हेच, असा या नियमांचा आशय होता. त्यामुळे हरत आलेल्या खेळाडूलाही शेवटपर्यंत काही करण्यासारखे उरे; कारण आपले एकुलते मोहरे मरणाच्या तोंडी देऊन बुर्ज घडवून आणणे हीसुद्धा एक नीती होती.

प्रत्यक्ष रणांगण मात्र वेगळ्या नियमांनी चालत होते, आणि सोलापूर हे त्याचे चांगले उदाहरण आहे. बहमनी सत्तेच्या विघटनानंतर सोलापूरचा भुईकोट किल्ला विजापूरची आदिलशाही आणि अहमदनगरची निजामशाही यांच्यातल्या वादाचे मूळ ठरला. १५२४ मध्ये बुऱ्हाण निजामशहाचा विवाह इस्माईल आदिलशहाची बहीण बीबी मरियम हिच्याशी झाला तेव्हा सोलापूर आणि त्याखालचे साडेपाच परगणे आंदण म्हणून देण्याचे ठरले होते. ते दिले गेले नाहीत आणि पुढची कित्येक वर्षे दोन्ही दरबार त्यासाठी लढत राहिले. पुढे हुसेन निजामशहाची मुलगी चांदबिबी हिचा विवाह पहिल्या अली आदिलशहाशी झाला तेव्हा सोलापूर उलट दिशेने आंदणात गेले, आणि त्या सोयरिकीतून साधलेल्या एकजुटीची परिणती १५६५ च्या तालिकोटच्या लढाईत झाली. या साऱ्या झगड्यात निर्णायक ठरत होते ते किल्ल्याची दुहेरी तटबंदी, खंदक, शेजारचा तलाव, परांडा आणि नळदुर्ग हे आसपासचे किल्ले, आणि पावसाळ्यात भीमेला येणारे पाणी. सतराव्या शतकाच्या अखेरीस औरंगजेबाने भीमाकाठी मंगळवेढ्याजवळच्या ब्रह्मपुरीला, म्हणजे माचणूरजवळ, १६९५ पासून सुमारे चार वर्षे छावणी टाकली. त्या काळात मराठ्यांनी आपल्याहून कितीतरी मोठ्या सैन्याला जेरीस आणले ते समोरासमोर भिडून नव्हे; रसद तोडणे, पाठलाग करणाऱ्याला लांब ओढत नेणे आणि अडचणीची जागा निवडून वार करणे हा त्यांचा मार्ग होता. पटावर यांपैकी काहीच दाखवता येत नव्हते. तिथे दोन्ही सैन्ये संख्येने सारखी, प्रत्येक घर सपाट, आणि प्रतिपक्षाची प्रत्येक हालचाल डोळ्यांसमोर. दख्खनमधल्या दुबळ्या बाजूला लढाई जिंकून देणारी जी साधने होती, नेमकी तीच पटाबाहेर राहिली होती.

पेशवाईच्या अखेरीस या दोन जगांतले अंतर एकाच दशकात पाहायला मिळते. १८१४ मध्ये तिरुवेंगडाचार्य शास्त्री यांच्या बुद्धिबळावरील संस्कृत ग्रंथाचा इंग्रजी अवतार मुंबईत छापला गेला आणि तो युरोपीय खेळपद्धतीला जुळवून घेतला असल्याचे मुखपृष्ठावरच नमूद केले गेले. देशी पंडिताची विद्या नव्या सत्तेच्या नियमांत बसवून मांडण्याची गरज तेव्हाच भासू लागली होती. चारच वर्षांनी, मे १८१८ मध्ये, टॉमस मन्रोच्या फौजेने सोलापुरावर चाल केली. दुसऱ्या बाजीरावाचे पायदळ आणि तोफा गणपतराव पानशांच्या हाताखाली तिथे होत्या. आधी पेठ पडली, तटाबाहेर तळ देऊन असलेली फौज उधळली, आणि त्यानंतर काही दिवसांच्या तोफमाऱ्याने किल्ला स्वाधीन झाला. संख्येने कमी असलेल्या फौजेने मोठ्या फौजेवर मिळवलेला हा विजय शिस्त, तोफखाना आणि जागेचा वापर यांच्या बळावर मिळाला होता.

याच सुमारास प्रशियात लष्करी अधिकारी पटावर न उतरणारा भूगोल खेळात कसा आणायचा, नेमका हाच प्रश्न सोडवण्याच्या खटपटीत होते. तिथल्या प्रयत्नांचाही उगम बुद्धिबळातच आहे. १७८० मध्ये ब्राउनश्वाइगच्या दरबारातील गणिताचे अध्यापक योहान ख्रिस्तियान लुडविग हेलविग यांनी १६१७ घरांचा पट तयार केला. त्यात घरांना डोंगर, दलदल, पाणी, वस्ती असे रंग दिले आणि मोहऱ्यांना पायदळ, घोडदळ व तोफखाना यांच्या चाली दिल्या. १७९७ मध्ये गेओर्ग व्हेंटुरिनी यांनी घरांची संख्या ३६०० पर्यंत नेली. मात्र घरे कितीही वाढवली तरी चौकोनांच्या जाळीतून भूगोल खरा वाटत नव्हता. १८१२ मध्ये बॅरन फॉन राइसविट्झ यांनी जाळीच बाजूला सारली आणि उंचसखल जमिनीचे सुटे तुकडे जोडून मांडता येईल असे टेबल प्रशियाच्या राजाला सादर केले. त्यांचा मुलगा, तोफखान्यातील अधिकारी असलेल्या धाकट्या राइसविट्झने १८२४ मध्ये या खेळाचे नियम प्रसिद्ध केले, आणि 'क्रीगश्पील', म्हणजे युद्धखेळ, हे त्याचे नाव पुढे जगभर झाले.

या खेळाची कार्यपद्धती पाहिली की बुद्धिबळापासून तो किती दूर गेला होता हे कळते. १:८००० या प्रमाणातला खराखुरा नकाशा पट म्हणून वापरला जाई, तुकड्यांसाठी लाल आणि निळे धातूचे ठोकळे असत, आणि प्रत्येक चाल प्रत्यक्षातल्या दोन मिनिटांइतकी धरली जाई. दोन्ही सेनापती आपले हुकूम लेखी देत. ते पंचाकडे जात, आणि कोणत्या बाजूला प्रतिपक्षाचे कोणते ठोकळे दिसतील हे पंचच ठरवी. म्हणजे टेकडीमागे दबा धरून बसलेली तुकडी खरोखरच अदृश्य राही. चकमकीचा निकाल फाशाने लागे, पण तो आंधळा नसे. दोन्ही बाजूंच्या बळाच्या प्रमाणानुसार वेगवेगळे फासे योजलेले होते, त्यामुळे लहान तुकडीला मोठीवर मात करण्याची संधी असे, मात्र ती थोडी असे. हिंदुस्थानी चतुरंगाने शतकांपूर्वी टाकून दिलेले दैव अशा रीतीने हिशेबाने मोजून खेळात परत आले. प्रशियाच्या सेनेचे प्रमुख अधिकारी कार्ल फॉन म्युफ्लिंग यांनी हा खेळ पाहून सैन्यात त्याचा प्रसार केला, आणि १८७०-७१ च्या फ्रान्सवरील विजयानंतर इतर देशांच्या लष्करांनीही तो उचलला.

शिक्षणाचे साधन असलेला हा खेळ छंद झाला तो इंग्लंडमध्ये. १८९३ पासून विल्यम ब्रिटन यांच्या कंपनीने आतून पोकळ शिशाचे सैनिक स्वस्तात बाजारात आणले, आणि १९१३ मध्ये एच. जी. वेल्स यांनी 'लिटल वॉर्स' या पुस्तकात अशा सैनिकांचे युद्ध जमिनीवर मांडण्याचे सोपे नियम दिले. त्यांच्या खेळात तोफा स्प्रिंगच्या असत आणि प्रत्यक्ष लाकडी गोळा उडवून सैनिक पाडावे लागत. १९६२ मध्ये डोनाल्ड फेदरस्टोन यांच्या 'वॉर गेम्स'ने त्याला नवा वाचकवर्ग मिळवून दिला, आणि १९८३ मध्ये गेम्स वर्कशॉप या ब्रिटिश कंपनीने 'वॉरहॅमर' आणून इतिहासाऐवजी कल्पित सैन्यांचा खेळ रुजवला. त्याचीच १९८७ मधली विज्ञानकल्पनेवरची शाखा 'वॉरहॅमर ४०,०००' आज जगभर स्पर्धात्मक पातळीवर खेळली जाते. अशा स्पर्धांत दोन्ही सैन्ये संख्येने सारखी नसतात. प्रत्येक तुकडीला तिच्या ताकदीनुसार गुणांचे मूल्य दिलेले असते आणि खेळाडू ठरलेल्या मर्यादेत, बहुधा २००० गुणांत, आपले सैन्य निवडतो. कागदावर समान असलेल्या सैन्यांपैकी एखादे त्याच्या तुकड्यांच्या मेळामुळे दुसऱ्याला फार भारी पडते, आणि मग दुबळ्या वाटणाऱ्या खेळाडूला सगळ्या सैन्याचा संहार करण्याचा नाद सोडून मैदानावरची मोक्याची ठिकाणे ताब्यात ठेवण्यावर भर द्यावा लागतो; कारण विजयाचे गुण मुख्यतः त्या ठिकाणांचे असतात. प्रतिपक्षाला निःशेष करण्यापेक्षा वेगळ्या कसोटीवर विजय मोजण्याची ही रीत आणि देशी बुद्धिबळातला बुर्जाचा नियम यांचा एकमेकांशी ऐतिहासिक संबंध नाही, परंतु दोहोंनी सोडवलेला प्रश्न एकच आहे.

महाराष्ट्रात भूगोल आणि सैनिकांच्या प्रतिकृती या दोन्ही गोष्टी दिवाळीच्या किल्ल्यात उपलब्ध होत्या. दगड-विटांवर पोते टाकून त्यावर मातीचा गिलावा द्यायचा, बुरूज, तट आणि चोरवाट करायची, उतारावर अळीव किंवा मोहरी पेरून हिरवळ उगवायची, आणि माथ्यावर शिवाजी महाराजांची मूर्ती बसवून खाली कुंभारवाड्यातून आणलेले मावळे, तोफा आणि घोडेस्वार मांडायचे, ही रीत सोलापुरासह राज्यातल्या बहुतेक शहरांत आहे. सोलापूरकरांच्या शहरातला किल्ला सपाटीवरचा भुईकोट असला, तरी मुले करतात तो किल्ला बहुधा डोंगरी असतो, कारण तो सह्याद्रीच्या स्मृतीतून आलेला आहे. उंची, चढाची वाट आणि माऱ्याची जागा यांचे भान मुलांना त्यातून नकळत येते. मात्र या किल्ल्याला प्रतिपक्ष नसतो. मंडळांच्या किल्ले स्पर्धा होतात त्याही बांधणीच्या, लढण्याच्या नव्हेत. किल्ला हे स्मरण आहे, आणि महाराजांच्या उपस्थितीत गडाचा पराभव शक्य असलेला खेळ मांडणे कोणाच्या मनात येणे कठीण होते. उलट बुद्धिबळाचा पट कोणाचीच स्मृती जपत नव्हता, म्हणून त्यावर राजालाही मात बसू शकत होती. खेळ आणि स्मरण यांच्यातली ही सीमा पाळली गेल्यामुळे पट आणि किल्ला एकत्र आले नाहीत. त्याशिवाय प्रशियाप्रमाणे नकाशे, पंच आणि अधिकाऱ्यांचे शिक्षण यांची सांगड घालणारी लष्करी संस्था १८१८ नंतर मराठ्यांच्या हाती उरली नव्हती, हेही एक कारण होते.

देशी नियमांचा अस्त विसाव्या शतकात झाला. आंतरराष्ट्रीय संघटना १९२४ मध्ये आणि अखिल भारतीय बुद्धिबळ महासंघ १९५१ मध्ये स्थापन झाल्यावर स्पर्धा एकाच नियमावलीने होऊ लागल्या. देशी नियमांत तयार झालेला खेळाडू बलाढ्य प्रतिपक्षापुढे किती टिकतो याचे उत्तर पंजाबच्या मीर सुलतान खान यांनी त्याआधीच दिले होते. त्यांनी १९२९, १९३२ आणि १९३३ असे तीन वेळा ब्रिटिश अजिंक्यपद जिंकले आणि माजी विश्वविजेते कापाब्लांका यांनाही हरवले. त्यांची उणीव डावाच्या सुरुवातीत होती, कारण प्यादे दोन घरे न चालणाऱ्या खेळात त्या ज्ञानाची गरजच नव्हती. त्यांचे बळ मध्यडावात आणि अखेरीस होते, म्हणजे जिथे देशी नियम खेळाडूची सर्वाधिक परीक्षा घेत. महाराष्ट्रात हे स्थित्यंतर वेगाने पार पडले. १९५५ मध्ये एलुरू येथे झालेल्या पहिल्या राष्ट्रीय स्पर्धेत रामचंद्र सप्रे संयुक्त विजेते ठरले, आणि सांगलीच्या नूतन बुद्धिबळ मंडळाने भाऊसाहेब पडसलगीकरांच्या पुढाकाराने नव्या नियमांत पिढ्या घडवल्या. नव्या नियमावलीत राजा एकटा उरला तरी त्याला मात देता येते आणि मात कोणत्या मोहऱ्याने केली याला काहीच मोल नाही.

एकच नियमावली झाल्याने मराठी खेळाडूला जगाशी खेळता आले, आणि हा लाभ निर्विवाद आहे. मात्र त्या व्यवहारात विजयाची प्रत ठरवणारी एक मोजपट्टी गेली, आणि तिच्याबरोबर बलाढ्य बाजूवर काही बंधन असावे ही धारणाही स्पर्धेतून गेली. आज गुणांची मर्यादा, पंच, मोजलेले दैव आणि मोक्याच्या ठिकाणांचे गुण अशा साधनांनी युद्धखेळांचे रचनाकार हेच बंधन नव्याने घडवत आहेत; देशी बुद्धिबळाने ते चौसष्ट सपाट घरांवर, एका एकाकी राजाला दिलेल्या संरक्षणातून आणि एका प्याद्याला दिलेल्या मानातून साधले होते.